ल्यूकोसायनिडिनचं प्रकरण: कच्चं केळं, ॲस्पिरिन आणि जठराचं अस्तर

वनस्पतींमधले फ्लॅव्होनॉइड नावाचे रेणू जठराला अल्सरपासून वाचवतात, हे वाक्य आरोग्यविषयक लेखांत हल्ली सर्रास दिसतं. क्वेर्सेटिन, रुटिन, कॅटेचिन अशी दोन-चार नावं घ्यायची, ‘प्रयोगांत सिद्ध झालंय’ म्हणायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. प्रयोग कोणावर केला, अल्सर कशाने झाला होता, औषध आधी दिलं की नंतर, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. सगळ्या फ्लॅव्होनॉइडांचा हिशेब एका लेखात मांडणं मला जमणार नाही. म्हणून एकच प्रकरण घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो: कच्च्या केळ्यातून वेगळं काढलेलं ल्यूकोसायनिडिन.

हे प्रकरण निवडलं कारण यात रसायनशास्त्र चोख आहे, संशोधक मातब्बर आहेत, निष्कर्ष चांगल्या नियतकालिकांत छापून आलेत, आणि तरीही औषधाच्या दुकानात या नावाची गोळी नाही. संशोधन कच्चं होतं म्हणून हे अडलं असं मला वाटत नाही. ते नेमकं कुठे अडलं, ते बघण्यासारखं आहे.

आधी ॲस्पिरिन

जठरात आम्लाचा सामू एक ते दोनच्या आसपास असतो. एवढ्या तीव्र आम्लात जठर स्वतःच का विरघळत नाही? कारण आतल्या अस्तरावर म्यूकसचा बुळबुळीत थर असतो आणि त्या थराखाली पेशी बायकार्बोनेट सोडत राहतात. वरच्या बाजूला कडक आम्ल आणि पेशींलगत जवळजवळ उदासीन सामू, असा उतार त्या पातळ थरात टिकून राहतो. शिवाय अस्तराचा रक्तपुरवठा भरपूर असतो आणि त्याच्या पेशी काही दिवसांतच बदलल्या जातात. या सगळ्या बंदोबस्तावर देखरेख प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रेणूंची असते.

ॲस्पिरिन दोन बाजूंनी घाव घालतं. आम्लात ते विद्युतभाररहित राहतं, त्यामुळे पेशींच्या पटलातून सहज आत शिरतं. आत सामू जास्त असल्यामुळे त्याचं आयन होतं आणि ते तिथेच अडकून पडतं. हा झाला थेट मार. दुसरा घाव जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवला. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवतात. दुखणं कमी होतं ते त्यामुळेच आणि जठराचा बंदोबस्त उठतो तोही त्यामुळेच. या कामासाठी व्हेन यांना १९८२चं नोबेल विभागून मिळालं.

म्हणजे ॲस्पिरिनने होणाऱ्या जखमेत आम्लाचा हात असला, तरी मुळात बिघडतं ते संरक्षण. फ्लॅव्होनॉइडांची सगळी आशा या एका मुद्द्यावर उभी आहे. आम्ल कमी करणारी औषधं खंडीभर आहेत. अस्तर मजबूत करणारं असं काही मिळालं, तर त्याचं मोल वेगळं.

केळ्यापर्यंत कसे पोचले

कच्चं केळं पोटाला चांगलं ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. प्रयोगशाळेत तिची तपासणी भारतीय संशोधकांनीच आधी सुरू केली. ए. के. सान्याल आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केळं आणि जठरस्राव, केळं आणि प्रयोगजन्य अल्सर अशा विषयांवर निबंध छापले. त्यात फिनाइलब्युटाझोन या तेव्हाच्या वेदनाशामकाने होणाऱ्या अल्सरवर केळ्याचा परिणाम तपासला होता. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात आर. के. गोयल, सान्याल आणि मंडळींनी १९८६मध्ये केळ्याच्या भुकटीवर सविस्तर काम केलं. त्यांचा निष्कर्ष असा की भुकटीमुळे जठराच्या अस्तराची प्रतिकारशक्ती वाढते आणि पेशींची नवनिर्मिती जोर धरते. त्यांनी हे डीएनएमध्ये किरणोत्सारी थायमिडिन किती शोषलं जातं त्यावरून मोजलं. नव्या पेशी बनत असतील तर डीएनए बनणार आणि त्यात थायमिडिन जाणार, असं साधं गणित.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडायला हवा: केळं म्हणजे कुठलं? शोधनिबंधांत ‘प्लँटेन’ म्हणजे भाजीच्या जातीचं, पिठूळ केळं आहे. केरळातलं नेंद्रन आणि आपल्याकडचं राजेळी त्या घराण्यातली. जळगाव-रावेर पट्ट्यातून ट्रक भरभरून जाणारी श्रीमंती किंवा ग्रँड नैन ही खायची, गोड जातीची केळी, त्यांची वंशावळ वेगळी. बाजारात मिळणारी ‘कच्च्या केळ्याची भुकटी’ यातल्या कशाची आहे हे पाकिटावर लिहिलेलं असतंच असं नाही. वसईची सुकेळी राजेळीचीच, पण ती पिकल्यावर उन्हात वाळवतात. त्यामुळे चवीला कितीही छान असली तरी या प्रकरणात ती बसत नाहीत.

पिकण्याला इतकं महत्त्व का, हे कच्चं केळं सोललेल्या कुणालाही माहीत असतं. हाताला आधी तेल चोळावं लागतं, नाहीतर चीक काळा डाग धरतो. फोडी लगेच ताकाच्या पाण्यात टाकल्या नाहीत तर काळ्या पडतात. तोंडात घातलं तर जीभ आखडते. डाग, काळेपणा आणि तुरटपणा, तिन्हींच्या मागे पॉलिफिनॉल नावाच्या वनस्पतिज रेणूंचा हात आहे. फ्लॅव्होनॉइड याच मोठ्या कुळातले. केळं पिकत जातं तसे तुरट रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे, न विरघळणारे होतात आणि जीभ आखडायची थांबते.

बर्मिंगहॅम, १९८४ आणि १९९९

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात डी. ए. लुईस यांच्या गटाने १९८४मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’मध्ये जे छापलं ते या प्रकरणाचं मुख्य पान. वाळवलेल्या कच्च्या प्लँटेनची भुकटी उंदरांना दिली, तर ॲस्पिरिनचे अल्सर टळतात आणि आधीच झालेले असतील तर भरूनही येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट, परिणाम करणारा भाग पाण्यात विरघळतो, आणि त्याचा अर्क भुकटीच्या ३०० पट प्रभावी आहे. अर्क अस्तराची वाढ घडवून आणत असावा, असा त्यांचा कयास होता.

अशा प्रयोगात काय करतात ते एकदा समोर ठेवतो, कारण सगळा वाद त्यावरच येऊन ठेपणार आहे. उंदरांना उपाशी ठेवतात. एका गटाला भुकटी देतात, दुसऱ्याला नुसतं पाणी. मग नळीने ॲस्पिरिन पोटात सोडतात. ठरावीक तासांनी उंदीर मारून जठर मोठ्या वळणाच्या कडेने उघडतात, धुतात, पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवतात आणि भिंगाखाली तांबडे-काळपट ठिपके आणि चरे मोजतात. ठिपक्यांची संख्या आणि लांबी यावरून गुण देतात. पद्धत ओबडधोबड असली तरी प्रामाणिक आहे. गुण देणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू दिलं नाही, तर निकालावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

३०० पट या आकड्यात बरंच काही दडलंय. एक ग्रॅम भुकटीचं काम साधारण तीन मिलिग्रॅम अर्क करत असेल, तर परिणामकारक पदार्थ भुकटीत फार कमी असायला हवा, हजार भागांत तीनेक भाग किंवा त्याहूनही कमी. केळ्यातल्या स्टार्चचा किंवा पेक्टिन या चिकट तंतूंचा हा प्रताप असता, तर इतकी तीव्रता मिळवणं अवघड गेलं असतं, कारण ते मुळातच भरपूर असतात. भरपूर असलेल्या गोष्टीला ३०० पट दाट करता येत नाही. हे गणित माझं आहे, निबंधातलं नव्हे. पण कमी प्रमाणात असलेला आणि पाण्यात उतरणारा रेणू शोधायला हवा, ही दिशा त्या आकड्यातून आपोआप मिळते.

तो रेणू सापडला असं १९९९मध्ये लुईस, फील्ड्स आणि शॉ यांनी ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’मध्ये लिहिलं. नाव ल्यूकोसायनिडिन, जात फ्लॅव्होनॉइडाची, रासायनिक भाषेत फ्लॅव्हन-३,४-डायऑल. केळ्यातून काढलेलं ल्यूकोसायनिडिन, प्रयोगशाळेत बनवून शुद्ध केलेलं ल्यूकोसायनिडिन आणि केळ्याची भुकटी, तिन्हींनी ॲस्पिरिनचे चरे अर्थपूर्ण प्रमाणात रोखले.

कृत्रिम ल्यूकोसायनिडिन वापरणं ही या कामातली सगळ्यात चांगली चाल. वनस्पतींच्या अर्कांवरचं संशोधन इथेच बहुधा लंगडं पडतं. अर्क गुणकारी ठरतो, त्यात क्वेर्सेटिन सापडतं, मग श्रेय क्वेर्सेटिनला देऊन मंडळी मोकळी होतात. अर्कात आणखी पन्नास गोष्टी असतात हे विसरलं जातं. केळ्याशी काही संबंध नसलेल्या भांड्यात तोच रेणू घडवून, तोही काम करतो हे दाखवल्यावर मात्र शंकेला जागा कमी उरते.

कमी, पण उरतेच. रेणू एकटा पुरेसा आहे एवढंच यातून ठरलं. केळ्यातलं दुसरं काहीच काम करत नाही, असं ठरत नाही.

इतर दावेदार

ऑस्ट्रेलियात ब्रायन हिल्स जठराच्या अस्तराकडे वेगळ्याच नजरेने पाहत होते. त्यांचं म्हणणं असं की अस्तरावर फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंचा पातळ लेप असतो, त्यामुळे ते पाण्याला, म्हणजे आम्लयुक्त पाण्यालाही, जवळ येऊ देत नाही. आळूच्या पानावर थेंब टिकतो पण पान भिजत नाही, तसंच काहीसं. १९८९मध्ये हिल्स आणि कर्कवुड यांनी ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’मध्ये केळ्याने उंदरांच्या जठराचं रक्षण होतं ते याच लेपामार्फत, अशी मांडणी केली. स्वीडनमधल्या लुंड इथल्या गटाने १९९३मध्ये हिरव्या केळ्यातल्या पेक्टिन आणि फॉस्फटिडिलकोलिन (हेही एक फॉस्फोलिपिडच) या दोन घटकांकडे बोट दाखवलं. हे दोन्ही मिळून म्यूकस आणि फॉस्फोलिपिडांचा थर बळकट करतात, म्हणजे यंत्रणा एक नसून अनेक असाव्यात, असं त्यांचं मत.

मग खरं कोण? मला यात भांडण दिसत नाही. कोणी कशाने जखम केली, ते आधी बघा. अल्कोहोल किंवा तीव्र आम्लाने केलेली इजा ही पटलावर थेट हल्ला असते, तिथे लेप आणि चिकट थर उपयोगी पडणं स्वाभाविक आहे. ॲस्पिरिनचा मार निम्मा आतून, प्रोस्टाग्लँडिन बंद पडण्यातून येतो. तिथे म्यूकस वाढवणारा, पेशींना वाढायला लावणारा रेणू जास्त कामाचा. ‘अल्सर’ हा एकच शब्द वापरून आपण वेगवेगळ्या जखमा एका टोपलीत टाकतो आणि मग एका टोपलीला एक औषध शोधत बसतो.

जाता जाता फॉस्फोलिपिडांची एक गोष्ट सांगतो, ती थेट आपल्या ताटातली आहे. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या फ्रँक टोवी यांना भारताच्या काही भागांत आतड्याच्या सुरुवातीचा, ड्युओडेनल अल्सर खूप आणि काही भागांत कमी का, हा प्रश्न आयुष्यभर पडलेला होता. कमी अल्सर असलेल्या भागांतल्या खाण्याची छाननी करताना त्यांच्या गटाला सगळ्यात ठळक संरक्षण मिळालं ते कुळथात, तेही त्यातल्या स्निग्ध भागात. कोकणातली माणसं पिठी ओरपताना याचा विचार करत नसणार, पण अस्तराच्या रक्षणाचं सगळं श्रेय फ्लॅव्होनॉइडांच्या नावावर का जमा करू नये, हे त्यातून कळतं.

उंदराचा चरा आणि माणसाचा अल्सर

आता मुख्य अडचण. ॲस्पिरिन दिल्यावर काही तासांत उंदराच्या जठरावर जे दिसतं तो अल्सर नव्हे. त्याला इरोजन म्हणतात, मराठीत खरचटणं म्हणू. खरचटणं अस्तराच्या वरच्या भागापुरतं असतं. अल्सर त्याखालच्या पातळ स्नायुपट्ट्याला भेदून खोल जातो, तिथे मोठी रक्तवाहिनी लागली तर माणूस रक्त ओकतो. खरचटलेलं अस्तर आपलं आपण झपाट्याने भरून येतं, माणसातही. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांची एंडोस्कोपी केली तर कित्येकांच्या जठरात असे ओरखडे दिसतात, त्यातल्या बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. दवाखान्यात झोपवतो तो खोल, रक्त सोडणारा अल्सर. तो थोड्यांनाच होतो, पण जिवावर बेततो.

म्हणून ओरखडे कमी झाले हे दाखवून भागत नाही. मग काय दाखवावं लागतं, याचं उत्तर त्याच काळातल्या मिसोप्रोस्टॉलकडे आहे. प्रोस्टाग्लँडिन बंद पडतं ना, मग तसाच कृत्रिम रेणू तोंडाने देऊ, अशा सरळ विचारातून हे औषध आलं. १९९५मध्ये त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. संधिवातासाठी वेदनाशामकं घेणारे ८,८४३ रुग्ण सहा महिने चाचणीत होते. रक्तस्राव, जठराला भोक पडणं अशा गंभीर गोष्टी नुसत्या वेदनाशामकाच्या गटात ०.९५ टक्क्यांना झाल्या, मिसोप्रोस्टॉल घेणाऱ्यांत ०.५७ टक्क्यांना. म्हणजे साधारण ४० टक्के घट. आकडे पुन्हा वाचा. नऊ हजारांच्या घरात माणसं जमवली तेव्हा हजारामागे चार माणसांचा फरक दिसला. एवढा खर्च करायला पाठीशी पेटंट असलेली मोठी कंपनी लागते. शिवाय मिसोप्रोस्टॉलने अनेकांना जुलाब होतात, त्यामुळे सिद्ध होऊनही ते लोकांच्या गळी उतरवणं जडच गेलं.

केळ्याची माणसांवरची चाचणी झाली ती वेगळ्याच दुखण्यावर. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अरोरा आणि शर्मा यांचं टिपण आलं, ते अल्सर नसलेल्या अपचनाबद्दल. पोटात जळजळ, जडपणा, पण एंडोस्कोपीत काही नाही, असे रुग्ण. केळ्याच्या भुकटीने आराम मिळालेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा बरंच जास्त आलं. गट लहान होता आणि या दुखण्यात काहीही दिलं तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं, हे पोटाच्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक आहे. पुढे लोक हा निकाल ‘केळ्याने अल्सर बरा होतो’ याच्या पुराव्यात घालू लागले. तो तसा नाही.

लहान चाचणीवर विसंबलं की काय होतं हे बघायला ज्येष्ठमध पुरेसं आहे. त्यातलं ग्लिसिरायझिन रक्तदाब वाढवतं आणि अंगावर सूज आणतं, म्हणून ते काढून टाकलेलं ज्येष्ठमध अल्सरसाठी वापरून बघितलं गेलं. फ्लॅव्होनॉइड त्यात शिल्लक राहतात. १९६९मध्ये ३३ रुग्णांवरच्या चाचणीत निकाल झकास आला. १९७८मध्ये के. डी. बर्धन या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी ९६ रुग्णांवर तेच तपासलं, तर साखरेच्या गोळीपेक्षा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. ज्येष्ठमधाच्या जाहिरातीत आजही पहिल्या चाचणीचा उल्लेख सापडतो, दुसऱ्या चाचणीचा क्वचितच.

मग अडलं कुठे

लुईस आणि शॉ २००१मध्ये आणखी एक पाऊल पुढे गेले. ल्यूकोसायनिडिनला हायड्रॉक्सिएथिल आणि ॲलिल गट जोडून त्यांनी नवे रेणू घडवले. तेही ॲस्पिरिनपासून उंदरांच्या जठराला वाचवतात आणि म्यूकसचा थर जाड करतात, असं दाखवलं. ही वाट शहाणपणाची होती. निसर्गातलं ल्यूकोसायनिडिन फार चंचल आहे. आम्लात ते स्वतःच्याच भावंडांना चिकटून लांब साखळ्या करतं, आणि त्याला जायचंय कुठे, तर जठरात. शिवाय केळ्यातल्या रेणूवर हक्क सांगणं कठीण, नव्या रेणूवर सोपं.

पण तोवर काळ पुढे सरकला होता. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२मध्ये पर्थला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक अल्सरांचं मूळ तिथे आहे हे मान्य झालं. प्रतिजैविकांनी अल्सर कायमचा जाऊ लागला, २००५मध्ये दोघांना नोबेलही मिळालं. उरले ते वेदनाशामकांचे अल्सर, म्हणजे नेमका ल्यूकोसायनिडिनचा प्रांत. तिथे ओमेप्राझोलसारखी आम्ल जवळजवळ बंद करणारी औषधं बस्तान बसवून होती आणि पेटंट संपत आल्यामुळे स्वस्तही होऊ लागली होती. भरीला १९९९मध्येच, ज्या वर्षी ल्यूकोसायनिडिनचा निबंध आला त्याच वर्षी, सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही नवी वेदनाशामकं बाजारात उतरली. जठराचं प्रोस्टाग्लँडिन न बंद करता दुखणं थांबवतो, असा त्यांचा दावा. जठर वाचवणारं औषध शोधण्यापेक्षा जठराला न छेडणारं वेदनाशामकच वापरा, असा सगळा सूर होता. रोफेकॉक्सिब २००४मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे मागे घ्यावं लागलं ती पुढची गोष्ट, पण मधली पाच वर्षं या क्षेत्रातला पैसा आणि लक्ष तिकडेच होतं.

फ्लॅव्होनॉइडांना औषध होताच येत नाही असं नाही. दक्षिण कोरियात आर्टेमिसिया एशियाटिका या दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीचा अर्क २००२पासून जठरदाहावर अधिकृत औषध म्हणून वापरात आहे. त्याची प्रत युपाटिलिन आणि जॅसिओसिडिन या दोन फ्लॅव्होनॉइडांच्या प्रमाणावरून ठरवतात. जपानने सोफोरा या झाडातल्या रेणूवरून सोफाल्कोन घडवलं आणि अल्सरवर वापरलं. दोन्ही देशांत अस्तराचं रक्षण करणाऱ्या औषधांना डॉक्टरांमध्ये जुनी मान्यता होती, नियामकांची नजरही तशी तयार होती. ब्रिटनमध्ये आम्ल कमी करण्याचीच परंपरा, सिमेटिडीन या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचं जन्मस्थानच ते. माझ्या मते ल्यूकोसायनिडिन चुकीच्या देशात आणि वीस वर्षं उशिरा सापडलं.

भुकटीचं पाकीट

राहिला व्यवहाराचा प्रश्न, कारण कच्च्या केळ्याचं पीठ आता दुकानांत आणि ऑनलाइन दोन्हीकडे मिळतं आणि त्यावर ‘फ्लॅव्होनॉइडयुक्त, अल्सरवर गुणकारी’ असं छापायला कुणाला फारसा विचार करावा लागत नाही. त्यात ल्यूकोसायनिडिन किती, हे साध्या चाचणीने कळत नाही. ब्युटेनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना उकळला तर लाल रंग येतो, पण तो रंग सुट्या रेणूंचाही असतो आणि साखळ्यांचाही. जीभ न आखडणाऱ्या, पिकू लागलेल्या केळ्यातही साखळ्या असतातच, त्यामुळे लाल रंग बघून भुकटी चांगली म्हणता येत नाही. जात कुठली, किती कच्चं, किती तापमानाला वाळवलं, वाळवल्यावर किती महिने ठेवलं, यातलं काहीही बदललं की आतला माल बदलतो. तळलेल्या वेफर्सचा तर प्रश्नच नाही.

हिरव्या केळ्याची भाजी, कोफ्ते, पिठाची धिरडी खायला कुणाची आडकाठी नाही. त्यातलं न पचणारं स्टार्च मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना आवडतं, आणि बांगलादेशात चिवट जुलाब झालेल्या मुलांना शिजवलेलं हिरवं केळं दिल्यावर ती लवकर सावरली, याचा २००१चा चांगला अभ्यास आहे. हीच गोष्ट बद्धकोष्ठ असलेल्यांना उलटी जाते. मूत्रपिंडाचं दुखणं असेल किंवा रक्तदाबासाठी पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भुकटी रोज चमचे-चमचे खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण वाळवल्यावर केळ्यातलं पोटॅशियम दाट होतं.

हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या आणि आधी एकदा अल्सर होऊन गेलेल्या माणसाने मात्र या भुकटीवर भिस्त ठेवू नये. त्याने हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्यावी, निघाला तर उपचार पूर्ण करावेत, आणि आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती केळं खातोय म्हणून बंद करू नये. ॲस्पिरिनही आपल्या मनाने बंद करू नये, त्याने हृदयाचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, उभं राहताना अंधारी आली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.